टॉर्चची पसंती

दिवाळी होऊन आठ दिवस झाले, आणि माझ्या नवऱ्याला चौथ्या टॉर्चनं नकार दिला. नकार रीतसर छापील कागदावर तीन प्रतींत आला. एक प्रत आम्हाला, एक खैरतळ धरणाच्या शाखा कार्यालयाला आणि एक भूपालअण्णा चौगुलेंच्या दुकानाला, कारण आमच्या तालुक्यात टॉर्चची स्थळं तेच जमवतात. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता : ओल.

आमच्याकडे टॉर्च नुसती दुकानातून उचलून आणत नाहीत. बघायला जावं लागतं. माणसानं तिला बघायचं, तिनं माणसाला, आणि दोन्हीकडून होकार आला तर नारळ देऊन घरी आणायची. पलीकडच्या तालुक्यात म्हणे लोक काउंटरवर बोट दाखवतात आणि पिशवीत टाकून घेऊन येतात. आणत असतील. त्यांच्या टॉर्चा वेळेला लागत नाहीत असंही ऐकलंय.

लिहिताना मी नवऱ्याला मगदूम म्हणते आहे, सगळे कागदही तसंच म्हणतात. मगदूम बावीस वर्षं खैरतळ धरणाच्या पोटात जातायत. धरणाच्या भिंतीत आतून एक लांब बोगदा असतो, त्याला गॅलरी म्हणतात. भिंतीतून आणि तळातून झिरपणारं पाणी तिथं येतं. ते रोज सकाळी मोजायचं आणि स्वच्छ की गढूळ ते रजिस्टरात लिहायचं, हे त्यांचं काम. पाणी झिरपलं म्हणून कुणी घाबरत नाही, धरण म्हटलं की झिरपणारच. गढूळ झिरपायला लागलं की मात्र समजायचं, पाणी आतली माती काढून आणतंय. आमचं गाव माळखोप भिंतीच्या खाली दीड किलोमीटरवर आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मगदूमांना सातव्या ब्लॉकमध्ये, म्हणजे भिंतीच्या सातव्या तुकड्यात, पाणी गढूळ दिसलं. त्यांच्याबरोबर त्यांची तीन सेलची जुनी टॉर्च होती, तिनंही तेच सांगितलं. शाखा अभियंता वाघमोडे साहेबांनी तिचा जबाब घेतला, वाचला आणि फेटाळला. "हिचा स्वतःचाच उजेड पिवळा आहे," साहेब म्हणाले, "हिला दूधसुद्धा गढूळ दिसेल." हुकूम निघाला : मगदूम यांनी पांढऱ्या उजेडाची, चार्जिंगची, रोज अंगावर वागवता येईल अशी लहान टॉर्च मिळवून फेरजबाब द्यावा. पुढील महिनाअखेरपर्यंत न मिळाल्यास त्यांची बदली धरणाच्या बागेत करण्यात येईल. तोपर्यंत रजिस्टरात 'पूर्ववत, स्वच्छ' लिहिण्यात यावे.

तुम्ही म्हणाल, मोबाइलचा उजेड घेऊन जायचं. मोबाइलच्या उजेडाला साक्षीचा अधिकार नाही, कारण त्याचं लक्ष एका ठिकाणी नसतं. आणि साहेबांची स्वतःची टॉर्च केबिन सोडून जात नाही, तसं तिनं नेमणुकीच्या वेळीच लिहून घेतलंय. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. सरपंचांना सांगितलं तर ते म्हणाले, "पांढऱ्या उजेडाचा जबाब आणा, पाच मिनिटात गाव हलवतो." सगळेजण आपापल्या जागी बरोबर होते आणि सातव्या ब्लॉकातून माती चालली होती. मला रात्री झोप लागेना. दिवसाही कुणी वाळूचा ढीग हलवताना ऐकू आलं तरी मी दारात येऊन धरणाकडं बघायची.

म्हणून मी ठरवलं, टॉर्च आणायचीच.

पहिल्या टॉर्चनं मगदूमांच्या खिशात डोकावून नकार दिला. आत चुन्याची डबी होती, तिच्यानं अंगावर चरे पडतील म्हणाली. मगदूमांनी त्या दिवशी सव्वीस वर्षांची तंबाखू सोडली. दुसरीनं विचारलं, चार्जिंगला स्वतंत्र प्लग आहे का? नव्हता. माझ्या जावेचा मोबाइल, दिराचा मोबाइल आणि मिक्सर एकाच बोर्डावर नांदत होते. मी दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून कोनाड्याशेजारी वेगळा प्लग करून घेतला, पण तोवर तिचं दुसरीकडं जमलं होतं. तिसरीला गडांवर फिरणारं स्थळ हवं होतं. चौथीची गोष्ट वर सांगितलीच.

मधे एक टॉर्च मीच नाकारली, ती या मोजणीत धरत नाही. तिच्या उजेडाचा आकडा एवढा मोठा होता की भूपालअण्णा तो वाचताना उभे राहिले. दाखवायला लावली तर दुकानाचं शटर पांढरं झालं. मी म्हटलं, अर्धा तास अशीच राहू दे. विसाव्या मिनिटाला ती तापली आणि निम्म्यावर आली. उथळ पाण्याला खळखळाट फार. गॅलरीत जाऊन यायला पन्नास मिनिटं लागतात.

प्रत्येक वेळी जाण्याआधी भूपालअण्णा एक गोष्ट बजावायचे. "वैनी, घरात पहिली हाय, ते काढू नका. आणि साहेबानं जबाब फेटाळलाय ह्ये तर अजाबात बोलू नका. कुठली नवी टॉर्च यील असल्या घरात?" अण्णांनी तालुक्यात दोनशेवर स्थळं जमवलीत, म्हणून आम्ही ऐकत होतो. पाहणीला निघताना मी जुनीला तांदळाच्या डब्यात ठेवायची. कुणी घरी चौकशीला आलं तर दिसायला नको. ती बोलायची नाही. डब्यातून काढल्यावर दोन दोन दिवस लागायची नाही, एवढंच. मला स्वतःची लाज वाटायची, पण लाजेनं धरण थांबत नाही.

पाचवी टॉर्च बघायला आम्ही गुरुवारी गेलो, कारण गुरुवारी दुकान बंद असतं. मागच्या खोलीत सतरंजी टाकली होती. टॉर्चच्या बाजूनं एक चौकोनी इमर्जन्सी दिवा आला होता. नात्यानं कोण, ते आम्ही विचारलं नाही. वयस्कर होता आणि सारखं खाली बघत होता. पोहे आले. मगदूमांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिसा उलटा करून ब्रशनं झाडला होता.

टॉर्च रुमालावर बसली होती. अंगठ्याहून थोडी लांब, राखाडी रंगाची, अंगाला एक क्लिप. चार्जिंगच्या तोंडावर रबराचं घट्ट झाकण. उगीच चकाकी नाही. मला ती बघताक्षणी आवडली, पण आपण तोंडावर दाखवायचं नसतं.

"एकदा चार्ज केली की मंदवर चाळीस तास," भूपालअण्णा सांगू लागले. "मध्यमवर सात. प्रखर दीड तास, आणि तेवढा वेळ उतरत न्हाई, म्या स्वता बसून बघितलंय. मीटरभर पाण्यात अर्धा तास ऱ्हाती. बटणाला कुलूप हाय, खिशात आपोआप पेटत न्हाई. फकस्त लुकलुकणं येत न्हाई तिला."

"येतं," टॉर्च म्हणाली. "करत नाही."

मग तिनं मगदूमांना विचारलं, "काम कुठं?"

"धरणात. गॅलरीत."

"ओल?"

"लई," मगदूम म्हणाले. त्यांना खोटं बोलायला जमत नाही, म्हणून बोलण्याचं काम अण्णांनी माझ्याकडं दिलं होतं.

"ओलीचं मला काही नाही," टॉर्च म्हणाली. "घरात दुसरी कुणी आहे?"

"छ्या छ्या," भूपालअण्णा घाईनं म्हणाले. "कोण न्हाई. घर अगदी मोकळं हाय."

इमर्जन्सी दिव्यानं मान डोलावली. मगदूम पोह्यातला कढीपत्ता बाजूला काढत होते. टॉर्चनं माझ्याकडं बघितलं. बघितलं म्हणजे ती मंदवर लागली आणि उजेड माझ्या हातांवर पडला. माझ्या नखांत तांदळाची पांढरी भुकटी होती.

मला काय झालं कोण जाणे. मी बशी खाली ठेवली.

"हाय," मी म्हटलं. "तीन सेलची हाय घरात. आत्ता तांदळाच्या डब्यात हाय, मीच ठेवलीया. तिनं गढूळ पाणी बघितलं, खरं सांगितलं, आणि साहेबानं तिला खोटं पाडलं. ह्येंनाबी पाडलं. तू आलीस तर तुलाबी तिथंच जायचं हाय, तेच बघायचं हाय आणि त्याच साहेबापुढं सांगायचं हाय. तुलाबी खोटं पाडतील. आमचं गाव खाली हाय. यायचं असंल तर ये, न्हाईतर आत्ताच न्हाई म्हण, मला सहावी बघायची हाय. दिवस थोडं ऱ्हायल्यात."

भूपालअण्णांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या दोनशे स्थळांत असं कुणी बोललं नव्हतं. मगदूम माझ्याकडं बघत राहिले. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण असं बघितलेलं मला तरी आठवत नाही.

रिवाजाप्रमाणं टॉर्चनं 'कळवतो' म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "पसंत आहे."

"झ्याक!" भूपालअण्णा उठलेच. "नारळ आणा रं! मगदूम, खिसा फुडं करा."

"ते नव्हे," टॉर्च म्हणाली. "बाई पसंत आहेत."

आता इथं नियम सांगायला हवा. टॉर्च ज्याला पसंत करते त्याच्याचबरोबर जाते. तिला दुसऱ्याच्या खिशात घातलं तर ती लागत नाही, आणि लागली तरी तिचा जबाब धरत नाहीत. म्हणजे गॅलरीत मी जायचं होतं. मी, जिनं बावीस वर्षांत धरणाची भिंत फक्त वरून, सहलीला आलेल्या पाहुण्यांबरोबर बघितली होती.

"वैनींना खिसाच न्हाई की!" भूपालअण्णांनी शेवटचा प्रयत्न केला. "लुगड्याला कुठला आलाय खिसा?"

टॉर्चनं थोडा विचार केला. "बाई पैसे कुठं ठेवतात?"

"कनवटीला," मी म्हटलं आणि कमरेला खोचलेला पदराचा भाग दाखवला.

"चालेल. क्लिप आहे मला."

नारळ फोडला. टॉर्चला हळदकुंकू लावून मी कनवटीला खोचलं. चांगली जड होती, तिचं वजन कमरेला कळत होतं. परत येताना मगदूम फाट्यापर्यंत माझ्यापुढं दहा पावलं चालले. मला वाटलं, दुखावले. दुखावलेच होते, बावीस वर्षांचं काम टॉर्चनं तीन शब्दांत काढून घेतलं होतं. फाट्यावर ते थांबले.

"पायऱ्या एकशे बत्तीस हाईत," ते म्हणाले. "मोजत उतर. नव्वदावी फुटलीया."

पुढचे तीन दिवस त्यांनी मला शिकवलं. परसात विटा मांडून ब्लॉक केले. नालीतलं पाणी मोजायच्या पट्टीवरचा आकडा कसा वाचायचा, डाव्या हातानं भिंत धरून कसं चालायचं, धाप लागली तर कुठं थांबायचं, सगळं सांगितलं. मी चुकले की ते खेकसायचे आणि मी उलटून खेकसायची. जुनीला मी डब्यातून काढून, पुसून कोनाड्यात ठेवली. नवी तिच्याशेजारी चार्जिंगला असायची आणि दोघी हळू आवाजात बोलायच्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, त्यांच्या कामाचं होतं.

सोमवारी सकाळी मी शाखा कार्यालयात उभी राहिले. वाघमोडे साहेबांनी आधी मगदूमांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग कनवटीकडं.

"वहिनी, तुम्ही कर्मचारी नाही," साहेब म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त कागद आवडायचे.

"मी आहे," कनवटीतून टॉर्च म्हणाली. "रुजू अहवाल आणला आहे. नियम अकरा बघा."

साहेबांनी नियम अकरा काढला. मोठ्यानं वाचला : 'गळतीची मोजणी रुजू झालेल्या टॉर्चने करावी. टॉर्च जिच्या अथवा ज्याच्या अंगावर असेल ती व्यक्ती वाहक समजण्यात यावी.' त्यांनी तो दुसऱ्यांदा मनातल्या मनात वाचला. मग कपाटाकडं, मग छताकडं बघितलं.

"जिच्या असं खरंच लिहिलंय," ते म्हणाले आणि गॅलरीची किल्ली दिली.

मगदूम दारापर्यंत आले. रुजू झालेल्या टॉर्चशिवाय आत जायची परवानगी नव्हती, म्हणून ते उंबऱ्याबाहेर थांबले. त्यांनी रजिस्टर माझ्या काखेत दिलं, काचेचा पेला हातात दिला. आणखी काही द्यायचं राहिलंय का, असे ते स्वतःचे खिसे चाचपत राहिले.

"जातो मी," मी म्हटलं.

"मध्यमवर ठेवा," टॉर्च म्हणाली. "प्रखर सातव्या ब्लॉकसाठी राखू."

एकशे बत्तीस पायऱ्या मी मोजत उतरले. नव्वदावी खरंच फुटली होती. आत थंडी होती, भिंती घामेजल्या होत्या आणि पाणी सगळीकडून बारीक आवाज करत होतं. मला भीती वाटली. भीती वाटली नाही असं लिहिलं तर रजिस्टर खोटं होईल. माझ्या डोक्यावर सगळं धरण होतं, काठोकाठ भरलेलं. पहिला ब्लॉक, दुसरा, तिसरा. पट्टी वाचायची, आकडा लिहायचा, पेला भरायचा, बघायचा, 'स्वच्छ' लिहायचं. सहाव्यापर्यंत सगळं स्वच्छ होतं, आणि क्षणभर मला वाटलं, देवा, साहेबच बरोबर असू दे.

सातव्यात आवाज वेगळा होता. टॉर्च न सांगता प्रखर झाली. नाली भरून पाणी येत होतं. पट्टीवर आकडा रोजच्या दुप्पट होता. मी पेला भरला.

"पेल्यामागं अक्षर धरा," टॉर्च म्हणाली. "अक्षर वाचता आलं तर स्वच्छ, नाही आलं तर गढूळ. नियमात तसंच आहे."

अक्षरांचं छापील कार्ड भिंतीला टांगलेलं असायला हवं होतं. तिथं नुसता खिळा होता, कार्ड ओलीनं कधीच कुजून गेलं होतं. रजिस्टर धरावं तर भिजलं असतं. मी इकडंतिकडं बघितलं. मग बांगड्या मागं सारल्या आणि डावा हात पुढं केला. लग्नाच्या पहिल्या वर्षी जत्रेत गोंदवून घेतलेली तीन अक्षरं मनगटाच्या वर आहेत.

"चालेल," टॉर्च म्हणाली. "आधी पेल्याशिवाय वाचा. मोठ्यानं."

"तूच वाच की."

"मी दाखवते. वाचायचं वाहकानं. त्याशिवाय नोंद होत नाही."

एकोणतीस वर्षांत मी ते नाव उखाण्यात घेतलं असेल चारदा, हळदीकुंकवाला, आग्रह झाला म्हणून. नुसतं कधी घेतलं नव्हतं. रेशन दुकानातसुद्धा मी कार्ड पुढं करते. पायाखालून गार पाणी चाललं होतं. मी गावातली घरं आठवली. आमच्या आळीतलं पहिलं घर सुतारांचं, मग गुरवांचं, मग आमचं.

"निवास," मी म्हटलं.

गॅलरीत आवाज घुमतो. ते नाव सहाव्या, पाचव्या, चौथ्या ब्लॉकवरून पायऱ्यांपर्यंत गेलं, आणि लांब वर, दाराशी उभ्या असलेल्या मगदूमांनी "ओ!" दिली.

"आता पेल्यातून," टॉर्च म्हणाली.

मी मनगटापुढं पेला धरला. टॉर्च पूर्ण प्रखर झाली, एवढी की काच तापली. पेल्यात चहासारखं पाणी होतं. त्यामागं माझा हात होता एवढं कळत होतं. नाव नव्हतं.

"वाचा."

"दिसत न्हाई."

"पुन्हा बघा. घाई नको."

मी पुन्हा बघितलं. डोळ्यांत पाणी आलं होतं ते पुसून तिसऱ्यांदा बघितलं. "न्हाई दिसत," मी म्हटलं.

"लिहा."

रजिस्टरात त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'स्वच्छ' होतं, अलीकडं 'पूर्ववत, स्वच्छ'. त्याखाली मी 'गढूळ' लिहिलं आणि सही केली : मालन मगदूम, वाहक.

टॉर्चचा जबाब चार पानी झाला. साहेबांनी तो उभ्यानं वाचला. उजेड पांढरा असल्याची खात्री करायला त्यांनी तिला कोऱ्या कागदावर लावून बघितलं, आणि कागद कागदासारखाच दिसला. मग त्यांनी खुर्ची मागं सारली आणि स्वतः जाऊन सायरनचा खटका ओढला. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. धरणाचे दरवाजे तासाभरात उघडले. सरपंचांनी पाच मिनिटात गाव हलवतो म्हटलं होतं, त्यांना दोन दिवस लागले, पण हलवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला सातव्या ब्लॉकखालचा तळ वाहून गेला आणि भिंतीचा तेवढा तुकडा बसला. धरण तोवर अर्ध्याच्या खाली आलं होतं. तरी माळखोपात छातीएवढं पाणी शिरलं. सुतारांची भिंत पडली, गुरवांचं छप्पर गेलं, आमच्या घरात चिखल कोनाड्यापर्यंत आला. आम्ही सगळे वरच्या माळावर शाळेच्या पटांगणात होतो, माणसं, जनावरं, ट्रंका, कोंबड्यांच्या पाट्या. पाण्याचा लोंढा ओसरू लागला.

मग मगदूम शाळेच्या ओट्यावर चढले. त्यांच्याकडं ना टॉर्च होती ना काम, म्हणून मोजणीचं काम त्यांनी आपणहून घेतलं. एकेका घराचं नाव घेऊन त्यांनी माणसं मोजली, एकही कमी नव्हतं. तरीही दोन्ही हात तोंडाशी धरून खाली गावाकडं वळले आणि जेवढा आवाज होता तेवढा लावून विचारलं, "राहिलंय का कोण?"

कुणीही ओ दिली नाही. ते पुन्हा ओरडले. खालून फक्त पाणी उतरत असल्याचा आवाज येत होता. मगदूम बराच वेळ कान देऊन उभे राहिले, मग ओट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले.